बहिरीले आवाजाचा काय त्रास?

सोमवार, २१ एप्रिल. वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांचे देठ खुडायचे होते. मिरच्या घरच्याच, ऊन दाखवून कडक झालेल्या. ओसरीत पोतं रिकामं केलं, तोंडाला जुनी ओढणी बांधली, हाताला खोबरेल चोळलं आणि बसले. सासूबाई समोर येऊन बसल्या. वयामुळे त्यांना फार कमी ऐकू येतं. माझं वय बावन्न आणि माझा उजवा कान गेलेला आहे. त्यामुळे आमच्यात बोलणं नव्हतं, नुसतं काम होतं. देठ मोडताना बारीक ‘कट्’ होतं, ते मला डाव्या कानाने येत होतं. उजव्या कानात नेहमीची शिट्टी चालू होती.

यंदा तिखट जास्त करायचं होतं, कारण मे महिन्यात आमच्या अमोलचं लग्न. त्याच संध्याकाळी आमच्या घरात भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक काम केलं. ते सांगायचं तर आधी कान कसा गेला ते सांगावं लागेल. ज्यांच्या घरासमोर रोज वाजतं आणि ज्यांना ‘थोडं सांभाळून घ्या’ असं रोज सांगितलं जातं, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मारुतीसमोरचं घर

धामणगाव बढ्यात आमचं घर मारुतीच्या देवळासमोर आहे. भाजीपाल्याची शेती: मिरची, वांगी, टमाटे. माल पिकवायचा यांनी आणि विकायचा मी, अशी आमची वाटणी लग्नापासूनची. भाजीमंडीत लिलावाला मीच उभी राहायची.

आमच्याकडे वऱ्हाड गावात आलं की नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो, मग मांडवात जातो. वरात देवळासमोर थांबते. नवरदेव घोड्यावरून उतरतो, पायातलं काढतो, आत जातो, नारळ फुटतो. तेवढ्या वेळात वऱ्हाडाला पाणी द्यायची रीत आमच्या घराची. सासूबाईंच्या सासूबाई द्यायच्या, मग सासूबाई, मग मी. ओट्यावर रांजण भरून ठेवायचा आणि ओगराळ्याने पाणी घालत उभं राहायचं. उन्हातून आलेली माणसं असतात. मला हे काम आवडायचं.

पूर्वी नवरदेव देवळात शिरला की वाजंत्री थांबायची. वाजवणारे आमच्याच ओट्यावर यायचे, घाम पुसायचे, पाणी प्यायचे. तोंडात सनई धरून पाणी पिता येत नाही. डीजेला पाणी लागत नाही. तो थांबतच नाही.

त्या दिवशी

गेल्या वर्षीची लग्नसराई. आमच्या गल्लीला एका बाजूने नाली आहे, त्यामुळे डीजेची गाडी वळवायला जागा नाही. ड्रायव्हरने ती मागे घेत घेत आमच्या ओट्याला टेकवली. माणसापेक्षा उंच बॉक्स, आणि त्यांची तोंडं आमच्या दाराकडे. माझा उजवा खांदा आणि पहिला बॉक्स यांच्यामध्ये एक माणूस उभा राहिला असता, एवढंच अंतर.

मांडणीवरच्या ताटल्या थरथरत पुढे सरकल्या आणि खाली पडल्या. पडताना त्यांचा आवाजही आला नाही. रांजणातल्या पाण्यावर बारीक रेघा उठत होत्या. मी गाडीतल्या माणसाला हाताने खूण केली, खाली कर, खाली कर. त्याला वाटलं, काकूंना गाणं आवडलं. त्याने अंगठा दाखवला आणि आवाज आणखी वाढवला.

ओट्यावरून उतरून आत का गेले नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. समोर माणसं ओंजळ धरून उभी होती. ओगराळं टाकून जायचं कसं?

वरात पुढे गेली आणि माझ्या कानात कोणीतरी ओली माती भरल्यासारखं झालं. सासूबाईंनी लसूण टाकून तेल कोमट केलं आणि कानात घातलं. आमच्याकडे कानाच्या कोणत्याही दुखण्यावर हेच करतात. तुम्ही करू नका. डॉक्टर नंतर म्हणाले, याने काही साधत नाही, वर तपासायचा कान तेलाने भरून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर बोअरची मोटर चालू असल्याचा आवाज. बारीक, एकसारखा. मी यांना उठवलं.

“अहो, मोटर चालूच राहिली तुमची. जळून जाईल.”

हे उठून बसले. पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय व, लाईनच नाई रातीपासून. मोटर कशी चालन?”

पंखा बंद होता. फ्रिज बंद होता. मोटर चालू होती, ती माझ्या डोक्यात. ती आजतागायत बंद झालेली नाही.

काचेची खोली

आज सुटेल, उद्या सुटेल म्हणत आम्ही थांबलो. भाजीचे दिवस होते. मग एके दिवशी वांग्याच्या सरीत वाकले असताना सगळं शेत गरगर फिरलं आणि मी वांग्यांवरच पडले. उलट्या थांबेनात. यांनी बुलढाण्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे रक्तदाब इतका निघाला की नर्सने पट्टा काढून परत बांधला आणि परत मोजला. मला आधी कधी रक्तदाब नव्हता.

कान तपासायला एका छोट्या खोलीत बसवतात. जाड दार, भिंतींना गादीसारखं काहीतरी, समोर काच. कानावर हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. दार लागलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. रिक्षा नाही, हॉर्न नाही, कोणाचा फोन नाही. एवढी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. तिथे मला कळलं की माझ्या कानातली शिट्टी किती मोठी आहे. बाहेरच्या गोंगाटाखाली ती अर्धी झाकलेली असायची. मी बटण हातात धरून बसले आणि काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं मशीन अजून सुरूच केलेलं नाही. तिने ते केव्हाच सुरू केलं होतं.

डॉक्टर तरुण होते, पण शेतकऱ्याच्या घरचे असावेत. म्हणाले, “काकू, वाऱ्याने ज्वारी लोळते ना, तशा कानाच्या आत नाजूक पेशी असतात. थोडं लोळलं तर उभं राहतं. मुळापासून मोडलं की नाही राहत. त्याच दिवशी आला असता तर औषधाला जास्त वाव होता.”

“आता?”

“गोळ्या देतो. थोडंफार येईल. गेलेलं सगळं येणार नाही. आणि डावा कानही थोडा उतरलाय. तो जपा.”

“जपायचा कसा?”

“मोठ्या आवाजापासून लांब राहायचं. झोप नीट व्हायला हवी. सततच्या गोंगाटाने, झोपमोडीने रक्तदाबही चढतो.”

“माझं घर मारुतीसमोर आहे,” मी म्हणाले.

त्यांना बहुधा कळलं. त्यांच्याही गावात मारुती असणारच. ते गोळ्या लिहीत राहिले.

कापसाचे बोळे घातले तर चालेल का, असं मी विचारलं. कापसाने मोठा आवाज अडत नाही म्हणाले आणि कानात घालायचे रबरी बूच दिले. ते माझ्या पदराच्या गाठीला कायम असतात.

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. ज्या नवरदेवाच्या वरातीत माझा कान गेला, त्याचं नावही मला माहीत नाही. त्याला पाणी मी माझ्या हाताने दिलं होतं.

शांतता राखा

चक्कर आणि रक्तदाब उतरेपर्यंत भरती करून घेतलं. वॉर्डात भिंतीवर पाटी होती: शांतता राखा. पाटीखाली टीव्ही. टीव्हीत मालिका, मालिकेत सासू ओरडत होती. प्रत्येक खाटेजवळ एक नातेवाईक आणि प्रत्येक नातेवाइकाच्या हातात फोन, फुल्ल आवाजात. एक व्हिडिओ अर्धाच ऐकायचा, मग दुसरा, मग कोणाचं तरी खदाखदा हसणं, मग परत पहिला. लोखंडी ट्रॉली फरशीवरून येताना माझे दात शिवशिवायचे. खिडकीखाली जनरेटर.

शेजारच्या खाटेपाशी एक मामा होते, बायकोला घेऊन आलेले. मी म्हटलं, “मामा, तो फोन जरा बंद करता का?”

“मंग टाइमपास कसा कराव, बाई?”

“बायकोच्या नाडीचे ठोके मोजा.”

त्यांनी फोन बंद केला. बायको उशीत तोंड खुपसून हसत होती. ती वडनेर भोलजीची, निर्मला नावाची, साखर वाढली म्हणून आलेली. दुसऱ्या दिवसापासून ती सलाईनची दांडी ढकलत माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायची. तोंड माझ्याकडे करून, हळू आणि सुटं सुटं बोलायची. तिच्या वडिलांना ऐकू यायचं नाही म्हणे.

“वरडलं की शब्द फाटते व,” ती म्हणाली. “लोकाइले वाटते, बहिऱ्यासंग वरडाच लागते. पाहून बोललं की अर्धं तं तोंडावरूनच समजते.”

आजारपणात कोणी माझ्यासाठी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. त्या चार दिवसांत मला जे बोलणं पूर्ण समजलं ते तिचंच. बाकी सगळे माझ्या अंगावर ओरडत होते.

घरी आल्यावर

घरी तेच चालू झालं. बहिरी झाली म्हटल्यावर सगळ्यांनी आवाज चढवले. यांनी टीव्ही वाढवला, का तर मला ऐकू यावा. अमोल माझ्याशी रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलायला लागला. शेजारणी हातवारे करत आणि वर ओरडतही. मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत राहिले, ती इथेही सांगते. बिघडलेल्या कानाला बारीक आवाज येत नाही, पण मोठा आवाज सोसतही नाही. भाजलेल्या हातासारखं आहे. त्या हाताने सुई धरता येत नाही, आणि गरम भांडं मात्र दुप्पट लागतं.

कोणालाही पटलं नाही. बहिरीले आवाजाचा काय त्रास?

याचा कडेलोट झाला यांच्या मावसभावाच्या मुलीच्या लग्नात. पंगतीच्या एका टोकाला बॉक्स लावले होते. तिथे कोणी बसायला तयार नव्हतं, पानं वाढून रिकामी पडली होती. वाढणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, “काकूले तिकडं बसवा न. त्याइले तं ऐकूच येत नाई.” आणि लोक बाजूला झाले, वाट करून दिली, अगदी मानाने. एकाने तर माझा हात धरून नेलं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. मी ताट उचललं आणि मागे आचाऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन भट्टीपाशी बसून जेवले. आचारी म्हणाला, “काऊन बाई, रुसल्या का?” मी म्हटलं, “नाही. जेवायला आले.”

मंडीतलं माझं काम गेलं. लिलावात दहा जण एकदम बोलतात, त्यातून आपला भाव उचलावा लागतो. मला आता गलका येतो, शब्द येत नाहीत. एकदा मी दुसऱ्याच्या मालाच्या बोलीला मान डोलावली, सगळे हसले. त्यानंतर हे जायला लागले. माणूस भला आहे, पण पहिला भाव निघाला की ‘हाव, देऊन टाक’ म्हणतो. संध्याकाळी मी विचारायची आणि आमचं भांडण व्हायचं. लग्नाला तीस वर्षं झाली, तेवढ्यात आमचं भाजीच्या भावावरून कधी भांडण झालं नव्हतं.

रात्री शिट्टी वाढते. डॉक्टर म्हणाले, पंखा लावून झोपा, त्याच्या आवाजात ती मुरते. तेवढा उपाय चालतो, लाईन असली तर.

एका दिवसाची हौस

गावात मी बोलून पाहिलं. ज्यांच्याकडे जायचं त्या सगळ्यांकडे गेले. नावं घेत नाही, सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली. म्हणाले, काकू, लग्न आहे, एका दिवसाची हौस राहते. म्हणाले, दहाच्या आत बंद झाला म्हणजे झालं. माझा कान दुपारी गेला.

ज्याचं लग्न त्याची हौस एका दिवसाची. माझ्या दारात ती रोजची आहे. आणि ती एकटी नाही. पहाटे देवळातलं ते विजेवरचं नगाऱ्याचं यंत्र, बटण दाबलं की आपोआप बडवत बसतं, आणि ते लावून पुजारी स्वतः बाहेर उभा असतो. मग भंगारवाला, त्याच्या गाडीवर टेप. मग ब्लाउजपीसवाला, त्याचा टेप. दुपारी ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर डेक, कारण इंजिनाच्या आवाजात गाणं ऐकू येत नाही. संध्याकाळी वाढदिवस. वाढदिवस एक वर्षाच्या लेकराचा. ते लेकरू बॉक्सशेजारी आईच्या कडेवर टाहो फोडत असतं आणि लोक म्हणतात, नाचून राह्यलं.

यातल्या कोणालाही मी कधी म्हटलं नाही की लग्न करू नका, देवाचं करू नका. मी एवढंच म्हणते, माझ्या दारात ओतू नका. नालीचं पाणी कोणी माझ्या ओट्यावर सोडलं असतं तर अख्खी गल्ली माझ्या बाजूने भांडली असती. आवाज दिसत नाही. आणि माझा कान बाहेरून अगदी चांगला दिसतो, त्यात डूलही आहे.

सासूबाई एकदा म्हणाल्या, “माहं बरं हाय, म्हातारपणानं गेलं. तुहं लोकाइनं केलं.” एवढं सरळ डॉक्टरही बोलले नव्हते.

मिरच्यांची संध्याकाळ

तर एकवीस तारखेला. ऊन उतरलं तरी आम्ही दोघी खुडतच होतो. अमोल आला आणि त्याच्यामागे विकी. विकी म्हणजे अमोलचा लहानपणापासूनचा मित्र. आता त्याची डीजेची गाडी आहे. हे बाजेवर बसले होते.

मुलगी सोनाळ्याची, पल्लवी नाव. लग्न त्यांच्या गावात. साखरपुड्यापासून ती मला फोन करत नाही, मेसेज पाठवते. ‘आई, गोळी घेतली का’ एवढाच, पण वाचता येतो. तसं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

विकी माझ्यासमोर उकिडवा बसला. “काकू, टेन्शन घेऊ नका. तुमची सोय केली. वरातीत तुमच्यासाठी कार. काचा बंद, एसी चालू. वरात मांडवात शिरली की उतरजा.”

“म्हणजे डीजे ठरला.”

“ठरला म्हंजे, मी काय दुसऱ्याच्या हातानं वाजवू देईन काय अमोलच्या लग्नात? फुकट वाजवतो.”

“आणि पोराच्या लग्नात आई पार्सल. काचेतून पाहायचं.”

अमोल म्हणाला, “आई, एक दिवसाचा प्रश्न हाय. माह्या सगळ्या दोस्ताइच्या लग्नात डीजे होता. माह्याच लग्नात नसन तं मयतीले आल्यासारखे वाटतीन लोक.”

“मारुतीसमोर गाडी किती वेळ थांबणार?”

“थांबन जितकी थांबते तितकी. आपल्या इथं नाई थांबत काय?”

“थांबते. म्हणून विचारते. तिथे समोर कोणाचं घर आहे?”

“मले काय माहीत?”

मी देठ खुडत राहिले. हे म्हणाले, “एकुलता एक पोरगा हाय. लोक म्हणतीन, हात आखडला.”

“डावा कान गेला तर लोक देणार आहेत का?”

“तू कारमध्ये बस न मंग,” अमोलचा आवाज चढला. “आणि आई, तसंही तुले त्या कानानं ऐकू येत नाई. मंग काय त्रास होते तुले?”

विकी खाली पाहायला लागला. हे फक्त “अमोल” म्हणाले.

पंगतीतला तो वाढपी बोलला तेव्हा मी ताट उचलून निघाले होते. इथे उचलायला काही नव्हतं. माझ्या घरात, माझ्या दवाखान्याचे कागद पिशवीत धरून जो माझ्यासोबत चार वेळा बुलढाण्याला आला, तोच हे म्हणत होता. मी माझ्या पोराकडे पाहिलं, तर तो माझ्याकडेच पाहत होता, आपण नेमकं काय चुकीचं बोललो ते न कळलेल्या माणसासारखा.

सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणते तो?” मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी हातातली मिरची त्याच्याकडे दाखवली. “त्याले म्हण, तू झाला तवा तुह्या बापानं थाळी वाजवाले लावली होती, तं मीच बंद करवली. लेकरू दचकून राह्यलं होतं.”

अमोल उठला. जाता जाता म्हणाला, “पोरीकडच्याइनं म्हटलं असतं तं गोष्ट अलग होती. त्याइचं गाव हाय, त्याइचा मांडव हाय. तेच म्हणतीन डीजे नाई, तं मी कोण बोलणारा?”

तो हे बिनधास्त म्हणाला, कारण त्याला माहीत होतं, आमच्याकडे मुलीकडचे मुलाकडच्यांना काही म्हणत नाहीत. मागितलं ते करतात आणि न मागितलेलंही करतात.

मी पोत्याचं तोंड बांधलं, चुलीजवळ नेऊन ठेवलं आणि हात गुळाने चोळून धुतले, तिखट उतरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी

मी सोयरिकीच्या कामाला नेसते ती हिरवी साडी नेसले, दवाखान्याचा कागद पिशवीत घातला आणि पहिली एसटी धरली. सासूबाईंना साडीवरून काय कळलं ते कळलं, त्यांनी नुसती मान हलवली. यांना चिठ्ठीही ठेवली नाही. गाडीच्या काचा खडखडत होत्या म्हणून पदराची गाठ सोडून कानात बूच घातले. दोन ठिकाणी गाडी बदलून सोनाळ्याला उतरले.

आधी व्याह्यांकडे गेले नाही. मारुतीचं देऊळ विचारलं. देवळासमोर पत्र्याचं घर होतं, बाहेर ओटा, ओट्यावर आडव्या बल्लीला झोळी बांधलेली. झोळीत लेकरू. एक पोरगी डोक्याला घट्ट रुमाल बांधून बसली होती, बाळंतीण होती हे दिसतच होतं. मी पाणी मागितलं. तिने आईला हाक मारली आणि मला तांब्या आला.

“मे महिन्यात इथेच आहेस का?”

“हाव. अजून महिना दीड महिना तं माहेरीच हाय. काऊन?”

“इथे वराती थांबतात?”

“इथंच थांबते न मावशी. इथंच तं देऊळ हाय.” तिने झोळीला झोका दिला. “आम्ही मंग मांगच्या खोलीत जाऊन बसतो.”

मागची खोलीही पत्र्याची होती.

व्याह्यांच्या दारात मी उभी राहिले तेव्हा घरात एकदम धावपळ झाली. वरमाय लग्नाच्या आधी, न कळवता, एकटी आलेली. व्याही बनियनवर होते, आत जाऊन सदरा घालून आले, बटणं वरखाली लागलेली. विहीणबाईंनी चटई टाकली, ती उलटी पडली म्हणून उचलून परत टाकली. पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंड उतरलेलं. तिला वाटलं, मी लग्न मोडायला आले. बाकीच्यांना वाटलं, मी काहीतरी मागायला आले. मला त्यांच्या भीतीचाही राग आला, पण त्या दिवशी मला तीच भीती लागणार होती.

“काही कमी पडलं का विहीणबाई?” व्याह्यांनी हात जोडले. “सांगा, होईन तेवढं करतो.”

“एक मागणं आहे,” मी म्हणाले. “आणि नाही म्हणायचं नाही.”

विहीणबाई खाली बसल्या. व्याही उभेच राहिले.

“तुमच्या गावात आमच्या वरातीचा डीजे येऊ द्यायचा नाही. सनई-चौघडा लावा, बँड लावा, तुमच्या गावचे वाजवणारे लावा. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला उतरला की वाजवणं थांबलं पाहिजे. त्यांना पाणी प्यायला सांगा. हे तुम्ही अमोलला सांगायचं, तुमच्या तोंडाने, आत्ता.”

व्याही म्हणाले, “इतकंच?”

“इतकंच.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. खिशातून फोन काढला, परत मांडीवर ठेवला. “पण विहीणबाई, मुलाकडचे रुसले तं?”

“मुलाकडची मीच आहे,” मी म्हणाले. “लावा फोन.”

त्यांनी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पल्लवी दारातून पुढे आली, फोनचा आवाज दोन बोटांनी कमी केला आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. मी कानावरचा पदर मागे सारला. पलीकडे घंटी वाजत होती आणि ती मला नीट ऐकू येत होती.